वाचक विचारतात : हातात कादंबरी, तोंडी नाटक

पाचवी ते दहावीच्या मुलांनी कोणत्या कादंबऱ्या आणि नाटकं वाचावीत, कशी वाचावीत, याबद्दलच्या पत्रांना या वेळी उत्तरं दिली आहेत. सारखे प्रश्न एकत्र केले आहेत.

मुलगा सातवीत आहे. वाढदिवसाला 'श्यामची आई' दिलं. आठ-दहा पानं वाचून ठेवून दिलं, ते अजून तिथंच आहे. त्याला वाचनाची गोडीच नाही असं समजायचं का?
– एक पालक, डोंबिवली

दहा पानांवरून गोडीचा निकाल लावू नका. मुळात हे पुस्तक पहिल्या पानापासून सलग वाचलंच पाहिजे असं नाही. साने गुरुजींनी ते नाशिकच्या तुरुंगात फेब्रुवारी 1933 मध्ये पाच दिवसांत लिहून काढलं आणि 1935 मध्ये ते प्रसिद्ध झालं. आश्रमातल्या मित्रांना श्याम रोज रात्री आईची एक आठवण सांगतो. अशा 42 रात्री आहेत आणि बहुतेक रात्री आपापल्या जागी पूर्ण आहेत. म्हणजे मधूनच शिरायची सोय लेखकानंच करून ठेवलेली आहे, आपण ती वापरत नाही एवढंच.

पहिली रात्र सावित्री व्रताची. वड, प्रदक्षिणा, व्रत यांतलं काहीच रोजच्या बघण्यात नसलेला मुलगा तिथंच थबकतो. त्याला बाराव्या रात्रीवर न्या. तिचं नाव 'श्यामचे पोहणे'. पोहायला जायच्या भीतीनं लपून बसलेला मुलगा आणि त्याला मारत विहिरीकडे धाडणारी आई! 'श्यामची आई म्हणजे रडारड' हा समज इथं पहिल्या पानावरच मोडतो. नंतर सातवी, 'पत्रावळ'. ती वाचण्याआधी चार-सहा वडाची पानं आणून दोघांनी मिळून एक पत्रावळ लावून बघा. पानाची दांडी कुठं घ्यायची, काडी कुठून टोचली की पान फाटतं, हे हाताला कळलं की श्यामचा वैतागही कळतो. मग अकरावी, 'भूतदया'. कर्ज, आजारपण आणि आईचा मृत्यू शेवटाकडच्या रात्रींमध्ये आहेत. त्या आपल्या क्रमानंच आणि शेवटीच येऊ द्या.

यापुढे पुस्तक घेताना दुकानातच एक चाचणी घ्या. पुस्तक मधूनच उघडायचं आणि मुलाला एक पान मनात वाचायला सांगायचं. अर्थ न लागलेल्या प्रत्येक शब्दाला एक बोट दुमडायचं. एक-दोन बोटं दुमडली तर पुस्तक घ्या. तीन-चार दुमडली तर रोज थोडं तुम्ही वाचून दाखवणार असाल तरच घ्या. पाचही दुमडली तर आज नको, वर्षभरानं बघू. बोलीतले शब्द मात्र मोजायचे नाहीत. 'च्यामारी' किंवा 'कशापायी' याचा अर्थ मुलगा वाक्यावरून ओळखतो. तो खरा अडतो तो 'तद्वत', 'किंबहुना' अशा शब्दांवर. वेष्टणावर छापलेला '10 ते 14 वयोगट' या चाचणीपुढे काही कामाचा नाही.

त्याला नुसता वेग हवा असेल तर भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे आहेच. फुरसुंगीचा बनेश फेणे, त्याची सायकल आणि तो 'ट्टॉक्'. पुस्तकं वीस आहेत आणि ती क्रमानंच वाचायला हवीत असं नाही. 'प्रतापगडावर फास्टर फेणे' उचलून थेट सुरुवात करता येते. यातून 'काही शिकायला मिळत नाही' अशी तक्रार काही पालक करतात. दोनशे पानं एका दमात वाचायची सवय लागते, ती कुठल्या खात्यात धरायची?

नववीच्या वर्गात 48 मुलं आहेत. एखादं संपूर्ण नाटक वर्गात वाचायचं ठरवलं आहे. मागच्या वर्षी प्रयत्न केला तेव्हा चार मुलं वाचत होती आणि बाकीची खिडकीबाहेर बघत होती. कोणतं नाटक घ्यावं आणि तास कसा चालवावा?
– मराठीच्या शिक्षिका, लातूर जिल्हा

नाटक म्हणून गो. ब. देवलांचं 'संगीत शारदा' सुचवतो. 1899 चं आहे म्हणून दचकू नका. पैसेवाला म्हातारा भुजंगनाथ, त्याला नवरी मिळवून देणारा भद्रेश्वर दीक्षित, पैशांपायी मुलगी द्यायला निघालेला बाप कांचनभट, आणि त्या मुलीचं, शारदेचं, वय तुमच्या वर्गातल्या मुलींएवढं. विषय कळायला नववीच्या मुलांना प्रस्तावना लागत नाही. शिवाय नाटक हसवतं. 'म्हातारा इतुका न, अवघे पाऊणशे वयमान' ही भुजंगनाथाची टर आहे, पण 'पाऊणशे' म्हणजे पंच्याहत्तर हे आजच्या मुलांना माहीत नसतं. आकडा फळ्यावर लिहा आणि ओळ पुन्हा वाचायला सांगा. हशा दुसऱ्या वेळेला येतो.

तासाची आखणी अशी करा. आधी घरी घड्याळ लावून एक पान मोठ्यानं वाचा आणि लागलेल्या वेळाची सव्वापट धरा, कारण मुलं अडतात, हसतात. 35 मिनिटांच्या तासात हजेरी आणि गडबड वजा जाता वाचनाला 25 मिनिटं उरतात. त्यात बसतील तेवढीच पानं घ्या, आणि तास प्रवेशाच्या शेवटी संपवण्याऐवजी एखाद्या पात्राच्या आगमनावर तोडा. पुढच्या तासाला मुलं आपणहून पुस्तकं काढून बसतील.

48 मुलांचे आठ-आठांचे सहा गट करा. रोज एकच गट वाचेल. पाच-सहा जण पात्रं, एक जण सूत्रधार. कंसातल्या रंगसूचना, कोण आलं, कोण गेलं, हे फक्त त्यानं वाचायचं. आठवा सूचक. एखादा अडला की शब्द सुचवायचा, चूक काढायची नाही. उरलेल्या पाच गटांना प्रत्येकी एक काम द्या. एका गटानं फक्त भद्रेश्वरावर नजर ठेवायची: तो कुणाशी काय बोलतो आणि त्यातलं खोटं कोणतं. दुसऱ्यानं शारदा. तिसऱ्यानं पैशाचा उल्लेख जिथं जिथं येईल तिथं पेन्सिलची खूण करायची. असंच पुढे. मागच्या वर्षी मुलं बाहेर बघत होती, कारण त्यांना करण्यासारखं काही नव्हतं. नाटक कंटाळवाणं असतं तर वाचणारी चारही कंटाळली असती.

हमखास बिघडतं ते असं. पहिलं, मुलं पात्राचं नाव वाचून मग वाक्य वाचतात: 'भुजंगनाथ. काय म्हणता?' यानं सगळी गंमत जाते. नाव डोळ्यांनी बघायचं, तोंडानं नाही, हे पहिल्या दिवशी पाच वाक्यांवर घोटून घ्या. दुसरं, धडा वाचतात तसा तो ठरावीक हेल. त्याला उपाय म्हणजे ज्याला बोलायचं त्याच्याकडे बघूनच वाक्य संपवायचं. शेवटचे दोन-तीन शब्द वर बघून म्हटले की हेल आपोआप सुटतो. तिसरं, पदं. ती गायला बसलात तर तास गेला. पदं कवितेसारखी ठेक्यात वाचून घ्या, आणि एखादं मूळ चालीवर रेकॉर्डिंगमधून शेवटी ऐकवा. चौथं, मुख्य भूमिका नेहमी त्याच दोन हुशार मुलांकडे जाते. अंक बदलला की शारदा बदलली, असा नियमच करून टाका. मुलानं शारदा वाचायलाही हरकत नाही. मराठी रंगभूमीवर स्त्रियांच्या भूमिका पुरुषांनीच केल्याची मोठी परंपरा आहे. पहिल्या दिवशी हशा होतो, दुसऱ्या दिवशी कुणी लक्षही देत नाही.

दोन गोष्टी आधी माहीत असू द्या. शेवटाकडे शारदा जीव द्यायला निघते आणि कोदंड तिला वाचवतो. हा भाग तुम्ही स्वतः आधी वाचा, तास संपायच्या घाईत घेऊ नका, आणि नंतर बोलायला दहा मिनिटं मोकळी ठेवा. दुसरी गोष्ट म्हणजे वर्गात कुणीतरी नक्की म्हणेल की बालविवाहाविरुद्धच्या शारदा कायद्याला या नाटकावरून नाव पडलं. तसं नाही. 1929 चा तो कायदा हरबिलास सारडा यांच्या नावानं ओळखला जातो. मुलींसाठी 14 आणि मुलांसाठी 18 ही किमान वयं त्यानं घातली. नावाचा हा योगायोग मराठी माणसाला इतका आवडतो की दुरुस्त केलेलं फारसं कुणाला रुचत नाही.

देवलांचं निधन 1916 मधलं, त्यामुळे संहितेचा स्वामित्वहक्क केव्हाच संपला आहे आणि तिच्या झेरॉक्स काढून वाटता येतात. नव्या आवृत्तीतली संपादकाची प्रस्तावना आणि टिपा मात्र त्यात घेऊ नका. त्यांचा हक्क वेगळा असतो.

स्नेहसंमेलनासाठी एखाद्या कादंबरीवरून वीस मिनिटांचं नाटक बसवायचं आहे. परवानगी लागते का? कादंबरीचं नाटक करताना नेमकं काय करायचं?
– सांस्कृतिक विभागाचे शिक्षक, रत्नागिरी. अशाच आशयाची आणखी तीन पत्रं

परवानगीचं आधी बघू, कारण सगळे ते शेवटी बघतात. भारतात लेखकाच्या हयातीत आणि त्याच्या निधनानंतर येणाऱ्या 1 जानेवारीपासून पुढे 60 वर्षं स्वामित्वहक्क राहतो. साने गुरुजी 1950 मध्ये गेले, त्यामुळे 2011 पासून त्यांचं लेखन मोकळं आहे. गडकरीही मोकळे (1919). आचार्य अत्रे 1969 मध्ये गेले, त्यांच्यासाठी 2029 संपायची वाट बघावी लागेल. पु. ल. 2000 मध्ये गेले, म्हणजे 2060 पर्यंत परवानगी हवी.

आता सूट. 1957 च्या कॉपीराइट कायद्यातल्या कलम 52 नुसार शिक्षणसंस्थेच्या उपक्रमात तिथल्याच विद्यार्थ्यांनी आणि शिक्षकांनी केलेला नाट्यप्रयोग हक्कभंग ठरत नाही. मात्र प्रेक्षक म्हणजे संस्थेतले लोक, विद्यार्थ्यांचे पालक आणि संस्थेच्या कामाशी संबंधित माणसं, एवढेच असले पाहिजेत. तिकीट लावलं, गावाला खुलं बोलावणं दिलं, आंतरशालेय स्पर्धेत नेलं किंवा यूट्यूबवर टाकलं, की ही सूट सुटली असं समजा. आणखी एक बारकावा: सूट प्रयोगाला आहे. कादंबरीचं नाटकात रूपांतर करणं हा वेगळा हक्क आहे. म्हणून हयात किंवा अलीकडच्या लेखकाची कादंबरी घेत असाल तर प्रकाशकामार्फत एक पत्र टाकाच. महाराष्ट्रात जाहीर प्रयोगासाठी रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाकडून संहिता मंजूर करून घ्यावी लागते. स्पर्धेचा फॉर्म भरायच्या आधी त्यांच्या नियमावलीत कोणती कागदपत्रं मागितली आहेत ते बघून घ्या. आयत्या वेळी लेखकाचं संमतीपत्र नाही म्हणून प्रवेश हुकतात.

आता रूपांतर. वीस मिनिटांत कादंबरी मावत नाही, तिचे तीन प्रसंग मावतात. सर्वांत मोठी चूक म्हणजे निवेदक उभा करून त्याच्याकडून कथानक सांगून घेणं. माईकपाशी एक मुलगी कागद वाचते आणि मागे बाकीचे मूकपणे हातवारे करतात. हे नाटक नव्हे, चित्रफितीवरचा आवाज झाला. निवेदनाला सगळं मिळून पाच-सहा वाक्यं द्या, त्याहून जास्त नाही.

उदाहरणासाठी वर आलेली बारावी रात्रच घेऊ. कादंबरीत श्याम स्वतः आपल्या भीतीबद्दल सांगतो. रंगमंचावर 'मला भीती वाटते' हे वाक्य काढून टाका आणि भीती कामात घाला. मित्र हाक मारतात, तो 'आलोच' म्हणतो आणि येत नाही. दुसरी हाक, तो पोटात दुखतं म्हणतो. तिसऱ्या हाकेला रंगमंचावर कुणीच नाही. आई येते, इकडेतिकडे बघते, आणि प्रेक्षकांतल्या पोरांना तो लपलेला दिसत असतो. पोरं ओरडून आईला जागा सांगायला लागली की समजा, प्रवेश जमला. विहीर बांधायच्या भानगडीत पडू नका. ती रंगमंचाच्या पुढच्या कडेपाशी आहे असं धरा, म्हणजे मुलं वाकून बघतील तेव्हा तोंडं प्रेक्षकांकडे राहतील. शाळेच्या नाटकात अर्धे संवाद ऐकू येत नाहीत, कारण मुलं एकमेकांकडे तोंड करून म्हणजे माईककडे पाठ करून बोलतात.

संवाद लिहिताना एका दमात म्हणता येईल त्याहून लांब वाक्य नको. सहावी-सातवीच्या मुलासाठी दहा-बारा शब्द ही मर्यादा ठेवा. सलग चार वाक्यांपेक्षा मोठं भाषण कुणालाच नको. मुलं पाठ करतात आणि मधलं एक वाक्य विसरलं की पुढची तिन्ही जातात. पहिला खर्डा झाला की मुलांना वर्तुळात बसवून वाचून घ्या. ज्या शब्दावर दोन मुलं अडखळली तो शब्द बदला, मुलं बदलू नका.

तालमीला तीन आठवडे, रोज 45 मिनिटं पुरतात. पहिले चार दिवस फक्त बसून वाचन. पाचव्या दिवशी उभं राहायचं, पण कागद हातातच. दुसऱ्या आठवड्याच्या शेवटी कागद काढून घ्या. तिसऱ्या आठवड्यात रोज एकदा सुरुवातीपासून शेवटपर्यंत, मध्ये न थांबवता, चुका वहीत टिपत. प्रत्येक मोठ्या भूमिकेला दुसरा मुलगा तयार ठेवा, आणि त्याला मधल्या एखाद्या दिवशी खरोखर ती भूमिका करू द्या. संमेलनाच्या हवेत घसे बसतात, तापही येतात.

मुलगी दहावीत. मिलिंद बोकीलांची 'शाळा' वाचू द्यावी का? तिच्या मैत्रिणी वाचतायत, पण त्यात शिव्या आहेत असं ऐकलं.
– पुणे

शिव्या आहेत. नववीतली मुलं मोठी माणसं नसताना जशी बोलतात तशीच मुकुंद, सुऱ्या, चित्र्या आणि फावड्या बोलतात. काळ आणीबाणीचा आहे. मुकुंदाला शिरोडकरबद्दल वाटतं ते प्रेम चोरटं आणि अवघडलेलं आहे, आणि शेवट गोड नाही. चौदाच्या पुढच्या मुलीला द्यायला हरकत दिसत नाही. तुम्ही आधी वाचा, पण तपासणीसाठी नको. तिनं विषय काढला तर तुम्हाला बोलता यावं, यासाठी वाचा. पुस्तक 2004 चं आहे, चित्रपटही निघाला. चित्रपट आधी बघितला असेल तर पुस्तक पुन्हा सुरुवातीपासून वाचायला सांगा. मुकुंदाच्या मनातली बडबड, जी या कादंबरीचा जीव आहे, ती पडद्यावर फारशी येत नाही.

तिला ती आवडली तर पुढे प्रकाश नारायण संतांचं 'वनवास' (1994) द्या. बेळगाव भागातला लंपन, आजी-आजोबा, सुमी, आणि कानडी वळणाची मराठी. ही जोडलेल्या कथांची मालिका आहे, सलग कादंबरी नाही. पहिली कथा हळू वाचली की भाषा कानात बसते. कमी पानांचं आणि प्रेमप्रकरण नसलेलं हवं असेल तर व्यंकटेश माडगूळकरांची 'बनगरवाडी' (1955). धनगरांच्या वाडीवर आलेला तरुण मास्तर आणि दुष्काळात रिकामी होत जाणारी वाडी. घटना कमी आहेत असं काही मुलं म्हणतात. त्यांना वाडीतल्या माणसांची यादी करत वाचायला सांगा. शेवटी त्या यादीतलं कोण उरलं ते मोजलं की पुस्तक उलगडतं.

आम्ही जर्मनीत राहतो. मुलगी तेरा वर्षांची, मराठी छान बोलते, पण वाचताना अक्षर अक्षर लावते. कादंबरी झेपेल?

इतक्यात नाही, पण नाटक झेपेल. तिला येतं ते बोलणं, आणि नाटकात बोलणंच छापलेलं असतं. वाक्य लहान, शब्द कानावरचे, आणि अर्ध लावलं की उरलेलं ओळखता येतं. रत्नाकर मतकरींचं 'अलबत्या गलबत्या' घ्या. तेरा वर्षांच्या मुलीला ते लहान मुलांचं वाटेल, पण चेटकिणीचं काम तिला दिलं की तक्रार राहत नाही. रोज दहा मिनिटं, लांब संवाद तुम्ही, आखूड तिनं. आठवड्यानं भूमिकांची अदलाबदल.

ती अडते कुठं तेही बघा. बहुधा र च्या रूपांवर (सूर्य, चक्र, सुऱ्या, ट्रक) आणि श्र, ज्ञ, द्ध, द्व यांवर. द्ध आणि द्व छपाईत इतके सारखे दिसतात की इथल्या मुलांचाही गोंधळ होतो. अशा दहा-बारा शब्दांची चिठ्ठी पुस्तकात खूण म्हणून ठेवा. ठसा मोठा असलेली प्रत निवडा. फोनवरच्या पीडीएफमध्ये जोडाक्षरं बारीक होतात, म्हणून टॅब्लेटवर वाचा किंवा छापून घ्या.

शाळेच्या ग्रंथालयासाठी थोडे पैसे मिळाले आहेत. जास्तीत जास्त वेगवेगळी पुस्तकं घ्यावीत की थोड्या पुस्तकांच्या जास्त प्रती?
– मुख्याध्यापक, गडचिरोली जिल्हा

अर्धे पैसे एकेका प्रतीवर आणि अर्धे चार-पाच पुस्तकांच्या सहा-सहा प्रतींवर घाला. या वयात मित्र वाचतोय म्हणून पुस्तक वाचलं जातं, आणि एकच प्रत असली की ती मिळेपर्यंत वाचायची इच्छा विरते. नाटकाच्या प्रती तर सहापेक्षा कमी नकोतच. पात्रांइतकी पुस्तकं हातात नसतील तर वाचन होत नाही.

घेताना पुस्तक मधोमध उघडून पुठ्ठ्याच्या कण्याकडे बघा. पानं नुसत्या डिंकानं चिकटवलेली असतील तर वर्षभरात सुटी होतील. शिवलेली बांधणी मिळाली तर थोडे पैसे जास्त पडले तरी ती घ्या. चिकटवलेलीच मिळाली तर वाटप सुरू होण्याआधी कण्यापासून अर्ध्या सेंटिमीटरवर तीन भोकं पाडून जाड दोऱ्यानं टाके घालून घ्या. त्यासाठी आतला समास पुरेसा रुंद हवा, नाहीतर टाक्याखाली ओळींची टोकं दबतात. भोक पाडायच्या आधी एक पान मोजून घ्या.